मातीत आहे, पण गाईला मिळत नाही : वाचकांचे प्रश्न, गोठ्यातली उत्तरं

या महिन्यात आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त प्रश्न गाय उलटते (म्हणजे भरवूनही गाभण न राहता परत माजावर येते), म्हैस माती खाते, वार अडकते असे आहेत, आणि बाकीचे मका पिवळी पडली, लसूणघास वाढत नाही असे. मला हे दोन गठ्ठे वेगळे वाटतच नाहीत. मी जनावरांचा डॉक्टर, पण सोलापूर जिल्ह्यात गोठ्यागोठ्यानं फिरताना एक सवय लागली, की जनावर बघून झालं की गव्हाणीतली वैरण हातात घ्यायची आणि मालकाला विचारायचं, ही कुठल्या रानातली. म्हणून यावेळी दोन्ही प्रश्न एकत्रच घेतो.

एक ताई, मोहोळ तालुका : आमची एचएफ (होल्स्टीन) गाय तिसऱ्या वेताची आहे, व्यायला सात महिने झाले, तीनदा भरवली तरी उलटली आणि आता तर माजच नीट दाखवत नाही. दूध १४ लिटर. खायला उसाचं वाडं (शेंड्याचा हिरवा पाला), कडबा आणि सरकी पेंड. दुकानदार म्हणतो मिनरल मिक्श्चर (खनिज मिश्रणाची पावडर) द्या, घरचे म्हणतात मकेच्या रानात झिंक टाकलंय की, आता परत कशाला पैसे घालवायचे.

ताई, आधी डॉक्टरांकडून गर्भाशय तपासून घ्या, आत पू किंवा सूज असेल तर कितीही पावडर चारली तरी उपयोग नाही. ते ठीक असेल तर मग गव्हाणीकडं बघू.

तुमच्या घरच्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि अर्ध्यातच गाय अडकलीय. रानात टाकलेलं झिंक हे मकेसाठी असतं, त्यातून वैरणीत थोडं झिंक वाढतं पण गाईला एकटं झिंक लागत नाही. तिला तांबं लागतं, मँगेनीज लागतं, कोबाल्ट, आयोडीन, सेलेनियम लागतं. यातलं आयोडीन आणि सेलेनियम मकेला लागतच नाही, म्हणजे मका कमरेएवढी हिरवीगार उभी असेल आणि तरी त्यात गाईच्या गरजेचं आयोडीन नसेल असं होऊ शकतं, पिकाकडं बघून ते कळणार नाही. कोबाल्टचंही तसंच, ते द्विदल पिकांच्या मुळावरच्या गाठींना लागतं, आणि गाईच्या पोटातले जिवाणू त्याच्यापासून बी-१२ जीवनसत्त्व तयार करतात, कोबाल्ट कमी पडलं की भूक मंदावते आणि गाय दिवसेंदिवस रोड होत जाते.

आता माजाचं. मँगेनीज कमी असलं की मुका माज येतो, म्हणजे आत बीज सुटतं पण गाय ओरडत नाही, सोट (माजाचा चिकट स्राव) नीट दिसत नाही आणि आपण वेळ चुकवतो. तांबं कमी असलं की माज लांबतो. फॉस्फरस हे सूक्ष्म नाही, मोठं खनिज, पण वाडं आणि कडबा दोन्हीत ते कमीच, आणि त्याचा परिणाम गाभण राहण्यावर होतो. वाड्यात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शेणावाटे बाहेर काढतं. २०१२-१३ ला आणि परत २०१८-१९ ला आपल्याकडं चारा छावण्या लागल्या तेव्हा महिनोन्‌महिने ऊस आणि वाड्यावर जनावरं जगवली, जगली हे खरं, त्यावेळी दुसरा इलाजच नव्हता. पण आता पाणी असताना फक्त वाड्यावर १४ लिटरची गाय ठेवणं म्हणजे तिच्या हाडातलं काढून दूध विकणं आहे, मला हे स्पष्टच सांगायला पाहिजे.

किती लागतं याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. गाईला एक किलो सुक्या वैरणीमागं तांबं साधारण १० मिलिग्रॅम लागतं, झिंक ४० च्या आसपास. दिवसाला सुका चारा १५ किलो धरला तर तांबं झालं १५० मिलिग्रॅम, म्हणजे आठवड्याला एक ग्रॅम. चिमटीत मावेल एवढं! आणि तेवढ्यासाठी सात महिने गाय रिकामी उभी राहते.

तर असं करा, मिनरल मिक्श्चर रोज १०० ग्रॅम, सकाळी ५० संध्याकाळी ५०, आंबोणात कालवून. पिशवी घेताना आयएसआयचा शिक्का बघा आणि मागच्या बाजूला तांबं, झिंक, मँगेनीज, कोबाल्ट, आयोडीन यांचे आकडे छापलेत का ते वाचा. नुसतं कॅल्शियम लिहिलेली स्वस्त पांढरी पावडर मिनरल मिक्श्चर म्हणून गळ्यात मारतात, ती घेऊ नका. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं भागाभागातली वैरण तपासून त्या त्या भागासाठी वेगळी मिश्रणं ठरवलीत, तुमच्या डेअरीत तसलं मिळत असेल तर तेच घ्या. वाडं निम्म्यावर आणा, कुट्टी करून द्या आणि सोबत थोडा का होईना लसूणघास किंवा चवळी टाका. आणि आठ दिवसांत फरक विचारू नका ताई, दोन-तीन महिने न चुकता द्यावं लागतं. बहुतेक ठिकाणी पंधरा दिवस देतात, काही झालं नाही म्हणून पिशवी कोपऱ्यात जाते आणि पावडर ओली होऊन तिचा दगड होतो, हे मी लई ठिकाणी बघितलंय.

माढा तालुक्यातून एक शेतकरी : चाऱ्याच्या मकेला वीस-बावीस दिवस झाले, नवीन पानावर पांढरट पट्टे आलेत, वाढ खुंटलीय. डीएपी भरपूर दिलाय. काही लोक म्हणतात युरिया मारा. मका मुरघासासाठी (हवाबंद मुरवून साठवायच्या चाऱ्यासाठी) आहे.

युरिया थांबवा दादा. पानाचा फोटो बघितला, पानाच्या देठाकडच्या अर्ध्या भागात मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी फिकट पांढरा रुंद पट्टा आहे, कडा आणि शीर हिरवीच. पेरं आखूड आहेत, पोंगा पांढुरका दिसतो. हे झिंक कमी पडल्याचं लक्षण. नत्राची कमतरता असती तर खालची जुनी पानं शेंड्याकडून मधोमध पिवळी पडत आली असती, आणि लोहाची असती तर कोवळं पान सगळंच पिवळं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या असत्या, ज्याला आपण केवडा म्हणतो.

पण झिंक गेलं कुठं? बहुतेक वेळा ते कुठं जात नाही, मातीतच असतं. आपली काळी माती चुनखडीची, सामू (पीएच) आठ-साडेआठपर्यंत, आणि सामू एकानं वाढला की मातीच्या पाण्यात विरघळलेलं झिंक जवळजवळ शंभर पटीनं कमी होतं. मूळ तर पाण्यातूनच पिणार ना. तुम्ही घरीच बघा, रानातलं ढेकूळ घ्या, बशीत ठेवून त्यावर दोन चमचे व्हिनेगर ओता आणि कान जवळ न्या. चुना जास्त असेल तर बारीक बुडबुडे येतात, सुर्र असा आवाज होतो. मी शेतकऱ्यांच्या बैठकीत हे करून दाखवतो, लोक पुढं सरकून बघतात, कारण अहवालातला सामूचा आकडा डोक्यात बसत नाही पण ढेकूळ फसफसताना दिसलं की बसतो.

त्यात तुम्ही डीएपी भरपूर दिला. त्यातलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, जास्त झालं की झिंक आणखी अडकतं, मुळापाशी सुद्धा आणि झाडाच्या आत सुद्धा. झिंक सल्फेट डीएपीत मिसळून टाकण्याची पद्धत पण बंद करा, दोघांचं मिळून न विरघळणारं झिंक फॉस्फेट होतं, दोन्हीचे पैसे मातीत.

आत्ता उभ्या पिकाला फवारणी हाच रस्ता. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी, चुना नाही घातला तर पानं करपतात. आठ-दहा दिवसांनी परत एकदा. दुपारच्या उन्हात मारू नका. पुढच्या वेळी पेरणीआधी माती तपासा, अहवालात झिंक ०.६ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.६ भाग) खाली आलं तर कमी समजायचं आणि लोह ४.५ च्या खाली आलं तर कमी. कमी असेल तरच एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट द्या, पण मोकळं फेकू नका, दहापट चांगल्या कुजलेल्या शेणखतात कालवून, पाणी शिंपडून आठवडाभर सावलीत मुरवा आणि मग ओळीत द्या. शेणखतातले सेंद्रिय पदार्थ झिंकला धरून ठेवतात आणि चुन्याच्या तावडीत जाऊ देत नाहीत. लोह कमी असेल तर हिराकस (फेरस सल्फेट) पण असंच मुरवून, एकरी १० किलो. चुनखडीच्या रानात हिराकस कोरडं फेकलं की काही दिवसांत गंजासारखं होऊन बसतं, पिकाला काही मिळत नाही.

एक विनंती. गोठा तुमचा, जनावरं तुमची, आणि उकिरडा मात्र ट्रॉलीच्या भावानं विकता. माढ्यात, पंढरपुरात डाळिंब-द्राक्षवाले शेणखत रोख पैशानं उचलतात हे मला माहितीय. पण वैरणीच्या रानातून दर कापणीला झिंक, तांबं सगळं उचलून तुम्ही गोठ्यात आणता आणि शेणातून ते दुसऱ्याच्या बागेत पाठवता, मग ते रान दरवर्षी रिकामं होणारच. नेपियर तर वर्षाला सहा-सात कापण्या देतो, त्याच्या रानात तर हे लवकर दिसतं. निम्मं तरी शेणखत वैरणीच्या रानात परत घाला हो.

मंगळवेढ्याहून प्रश्न : आमच्या पंढरपुरी म्हशीचा काळा रंग उतरून तांबूस झालाय, डोळ्याभोवती केस पांढरे व्हायला लागलेत. शेण पातळ. जंताचं औषध दिलं. गावात म्हणतात म्हातारी झाली, पण ती चौथ्याच वेताची आहे.

म्हातारी नाही झाली, तांबं कमी पडलं असण्याचा दाट संशय आहे. केसाला काळा रंग ज्यामुळं येतो ते तयार करायला तांबं लागतं, ते नाही मिळालं की काळं जनावर करडं-तांबूस दिसायला लागतं आणि डोळ्याभोवती चष्मा घातल्यासारखी कडी येते. पातळ शेण, रक्त कमी होणं, माज न येणं हे पण त्याच्याच मागं येतं. तरी रक्त तपासल्याशिवाय पक्कं म्हणू नका, उन्हानं आणि जंतानं पण रंग उतरतो.

आता यात आपल्या मातीचा एक वेगळाच खेळ आहे, तो नीट समजून घ्या. वर माढ्याच्या दादांना सांगितलं की चुनखडीत झिंक, लोह अडकतं, तांबं आणि मँगेनीजचंही तसंच. पण एक मूलद्रव्य उलटं वागतं, मॉलिब्डेनम. सामू वाढेल तसं ते मोकळं होतं आणि पिकात, विशेषतः घासासारख्या द्विदलात जास्त चढतं. पिकाला ते चांगलंच, मुळावरच्या गाठी त्याच्यावरच काम करतात. पण म्हशीच्या पोटात मॉलिब्डेनम आणि गंधक एकत्र आले की ते तांब्याला पकडतात आणि शोषू देत नाहीत. म्हणजे वैरणीत तांबं आधीच कमी आणि आहे तेवढंही पोटात अडकतं. बोअरचं पाणी सल्फेटचं असेल तर आणखी भर. त्यामुळं पाण्याची पण तपासणी करा, फक्त क्षार किती एवढंच नको, सल्फेट वेगळं विचारा.

लोहाचं पण असंच. पीक केवड्यानं पिवळं पडतं म्हणून लोकांना वाटतं जनावराला पण लोह कमी, आणि लोहाचं टॉनिक पाजतात. मोठ्या गाई-म्हशींना वैरणीतून लोह बहुतेक वेळा गरजेच्या कितीतरी पट मिळतं, कडब्यावर बसलेल्या धुळीतून सुद्धा. जास्तीचं लोह उलट तांब्याला आणि झिंकला आडवं येतं. अंगात रक्तच नाही किंवा गोचीडताप झालाय असं डॉक्टरांनी सांगितलं तर गोष्ट वेगळी, नाहीतर लोहाची बाटली घरी आणू नका. कडबा मात्र गव्हाणीत टाकायच्या आधी पेंढी दोनदा आपटून झाडा, एवढं फुकटचं काम आहे.

तुमच्या म्हशीला तांबं असलेलं मिनरल मिक्श्चर सुरू करा, मोरचूद (कॉपर सल्फेट) घरी मोजून पाजू नका, त्यात चूक झाली तर विषबाधा होते. नवीन केस काळे यायला दोन-तीन महिने जातील. आधी मान आणि खांद्यावर बघत राहा.

पंढरपूर तालुका : म्हैस माती चाटते, दोरी-कापड चघळते, परवा हाडूक तोंडात धरून उभी होती. व्यायला पंधरा दिवस झालेत.

हाडूक चघळणं ही फॉस्फरसच्या भुकेची जुनी खूण आहे. जंताचं औषध, मिनरल मिक्श्चर ५० ते १०० ग्रॅम आणि गव्हाचा किंवा तांदळाचा कोंडा रोज, कोंड्यात फॉस्फरस चांगलं असतं. मीठ पण ३० ग्रॅम द्या. पण पंधरा दिवसांची व्यालेली आहे म्हणून मला दुसरीच काळजी आहे, लघवीवर लक्ष ठेवा. व्याल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात फॉस्फरस फार खाली गेलं की रक्तपेशी फुटतात आणि लघवी कॉफीसारखी लालकाळी होते. तसं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच डॉक्टरांना बोलवा, शिरेतून औषध द्यावं लागतं. गोचिडामुळं पण लघवी लाल होते, त्याचा इलाज वेगळा, म्हणून घरी अंदाज करत बसू नका.

एका वस्तीवर मी असाच पहाटे पोचलो होतो, म्हशीच्या डोळ्याची पापणी उलटून बघितली तर आत कागदासारखी पांढरी. आजी शेजारी बसून होत्या, म्हणाल्या दोन दिवस लाल मुततीय पण आम्हाला वाटलं उष्णता आहे, ताक पाजलं. ती म्हैस वाचली नाही. म्हणून एवढं ठासून लिहितोय.

बार्शीहून : चाटण वीट (जनावरानं चाटायची क्षारांची वीट) टांगली तर पावडरची गरज आहे का?

आहे. वीट चांगलीच, पण कोण किती चाटतं याचा काही नेम नाही, एक चाटते आणि दुसरी बघत पण नाही. दुधाळ जनावराला मोजून पावडर, वीट भाकड आणि कालवडींसाठी ठेवा.

अक्कलकोट तालुका : माती परीक्षण केलं होतं, लोह भरपूर आलं, पण ज्वारीला केवडा आहेच. रिपोर्ट चुकीचा का?

नमुना कशानं काढला ते सांगा. गंजक्या टिकावानं खड्डा घेतला आणि खताच्या रिकाम्या गोणीत माती भरली असेल तर लोह-झिंकचे आकडे फुगून येतात, आणि असंच झालं असणार असं मला वाटतं. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी नमुना लाकडी किंवा प्लास्टिकच्या खुरप्यानं घ्यायचा. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्हीच्या आकाराचा वीतभर खड्डा, त्याची कडेची खपली प्लास्टिकच्या घमेल्यात. बांध, झाडाखाली, उकिरड्याची जागा, जनावरं बांधायची जागा सोडून. सगळी माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो उरेपर्यंत असंच. सावलीत वाळवा आणि धुतलेल्या कापडी पिशवीत भरा. २०१५ पासून जे मृद आरोग्य कार्ड मिळतं त्यात १२ गोष्टी असतात, त्यात झिंक, लोह, तांबं, मँगेनीज, बोरॉन पाचही येतात, तेव्हा फक्त एनपीके (नत्र, स्फुरद, पालाश) करून परत येऊ नका.

आणि हो, जास्त पाणी दिलं, रान चिबड झालं तरी केवडा दिसतो. पाणी तोडून आठ दिवस बघा, नवीन पान हिरवं आलं तर हिराकसचे पैसे वाचले. मात्र पाणी तोडताना एक लक्षात ठेवा, गुडघ्याएवढी कोवळी ज्वारी, त्यात ताण बसलेली, जनावराला अजिबात चारू नका. त्यात सायनाइडचा अंश वाढतो आणि जनावर तासाभरात जातं.

सांगोल्याहून : गाईचं मिनरल मिक्श्चर मेंढ्यांना दिलं तर चालतं का? बागेतलं गवत पण मेंढ्यांना टाकतो.

नाही, अजिबात नको. गाईला जेवढं तांबं लागतं तेवढ्यानं मेंढी मरू शकते. मेंढीच्या यकृतात तांबं साठत जातं, महिनोन्‌महिने काहीच दिसत नाही, आणि मग एक दिवस ताण बसला, पाऊस झाला, चालवत लांब नेलं की एकदम रक्तात सुटतं, डोळे पिवळे, लघवी काळी आणि दोन-तीन दिवसांत मेंढी संपते. शेळी जरा सहन करते पण तिलाही गाईचं देऊ नका, दोघींची मिश्रणं वेगळी मिळतात.

बागेच्या गवताचं तुम्ही विचारलं हे फार बरं केलं, कारण हे कोणी विचारतच नाही. डाळिंबावर तेल्या रोगासाठी आणि द्राक्षावर केवड्यासाठी (हा बुरशीचा केवडा, वरचा लोहाचा नव्हे) बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड हंगामात कितीतरी वेळा मारलं जातं, ते खालच्या गवतावर पडतं आणि मातीत पण साठत राहतं. म्हणजे एकाच शिवारात म्हशीला तांबं कमी आणि शेजारच्या बागेत मेंढीला जास्त असं होतं. मोरचुदाची फवारणी झालेल्या बागेत मेंढ्या सोडू नका, तिथलं गवत कापून पण टाकू नका. आत्तापर्यंत किती दिवस टाकलं, कुठली फवारणी कधी झाली ते लिहून काढा आणि तो कागद घेऊन दवाखान्यात जा, एखाद्या मेंढीचं रक्त तपासतील. आणि वाटेत कळप पळवू नका, तहानलेला ठेवू नका.